पणजीची पायलट सेवा: नावाला कितपत जागते?

गोव्याबाहेरच्या वाचकाच्या हाती पणजीचे एखादे मराठी दैनिक पडले आणि त्यात ‘भाडेवाढीसाठी पायलट एकवटले’ असा मथळा दिसला, तर कुठल्या तरी विमान कंपनीत बिनसले असावे असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. गोव्यात पायलट म्हणजे मोटारसायकलच्या मागच्या सीटवर प्रवासी बसवून भाडे घेणारा परवानाधारक चालक. सरकारी कागदोपत्री त्या वाहनाला मोटारसायकल टॅक्सी म्हणतात. पणजी, म्हापसा, मडगाव किंवा वास्को येथे तो शब्द सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. काळी गाडी, पुढच्या चाकावरचा पिवळा मडगार्ड आणि पिवळ्या नंबरपाटीवर काळी अक्षरे, एवढ्या खुणांवरून पायलट ओळखावा. पर्यटकांना भाड्याने मिळणाऱ्या दुचाकींची पाटी याच्या नेमकी उलट, काळ्यावर पिवळ्या अक्षरांची असते आणि नवख्या माणसाचा गोंधळ बहुधा तिथेच होतो.

या सेवेचे परीक्षण करताना भाडे, सुरक्षितता, वेळ आणि वागणूक या नेहमीच्या कसोट्या लावाव्याच लागतील. परंतु पहिली कसोटी तिच्या नावानेच घालून दिलेली आहे. रिक्षावाला, टॅक्सीवाला या नावांत केवळ वाहनाचा उल्लेख आहे. पायलट या नावात वाहन कुठेच नाही. त्यात वाटेची जाणकारी गृहीत धरलेली आहे. शहरी जीवनात रोज वापरल्या जाणाऱ्या शब्दांपैकी इतका मोठा दावा करणारे शब्द थोडेच असतील, म्हणून तो दावा मुळात काय होता हे आधी पाहिलेले बरे.

इंग्रजीने हा शब्द सोळाव्या शतकात फ्रेंचमधून घेतला आणि फ्रेंचने इटालियनमधून. जुन्या इटालियनमध्ये त्याचे ‘पेदोता’ असे रूप होते आणि त्याचा माग ग्रीक ‘पेडॉन’पर्यंत, म्हणजे नाव वळवण्यासाठी मागच्या बाजूला धरलेल्या वल्ह्यापर्यंत, काढला जातो. ‘पेदोता’तल्या द चा पुढे ल झाला, ‘डलयोरभेदः’, म्हणजे ड आणि ल यांत भेद मानू नये, हे वचन पाठ असलेल्या आपल्याकडच्या शास्त्र्यांना त्यात फारसे नवल वाटले नसते. खरी गंमत त्याच्या पलीकडे आहे. ‘पेडॉन’ ज्या प्राचीन मूळ शब्दापासून आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात, त्याचा अर्थ पाय असा आहे. त्याच मुळापासून संस्कृतातले पद आणि पाद हे शब्द निघाले, लॅटिनमार्गे पेडल हा शब्द आला आणि पादाचा प्राकृतातून मराठीत पाय झाला. पायलट या शब्दाच्या आरंभी मराठी कानाला जो पाय ऐकू येतो तो उच्चाराचा योगायोग आहे खरा; पण मागे जाता जाता दोन्ही शब्दांचे कूळ एकच निघते, आणि ज्याचा गिअर व मागचा ब्रेक पायाखाली असतो त्या माणसाला हे कूळ शोभूनही दिसते.

समुद्रावर या शब्दाला जो अर्थ आला तो आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. पायलट हा जहाजाचा कप्तान नसतो. कप्तान जहाज जाणतो, पायलट तिथले पाणी जाणतो. वास्को द गामा १४९८ साली आफ्रिकेच्या किनाऱ्याने मालिंदीपर्यंत आला, आणि तिथून अरबी समुद्र ओलांडून कालिकतला पोहोचण्यासाठी त्याला मालिंदीच्या राजाने दिलेला जाणकार सोबत घ्यावा लागला. तो वाटाड्या कोण होता यावर इतिहासकारांचा वाद अजून चालू आहे. पोर्तुगीज बखरींत त्याला ‘मालेमो’ म्हटले आहे, आणि हे अरबी ‘मुअल्लिम’चे, म्हणजे शिकवणाऱ्याचे, रूप आहे. हिंदी महासागरातले खलाशी हाच शब्द मालीम किंवा मालूम असा वापरीत. सुकाणू हा आपला शब्दही अरबीतूनच आला, यावरून या किनाऱ्यावर नौकानयनाची परिभाषा कोणाकडून शिकली गेली ते कळते.

मुरगाव बंदरात आजही हीच व्यवस्था आहे. परदेशातून आलेले जहाज कितीही मोठे असो, बंदराचा पायलट वर चढून येईपर्यंत ते धक्क्याकडे सरकत नाही आणि पायलट आला म्हणून कप्तानाचा अधिकारही जात नाही. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा जो बांध साचतो, त्याच्यामुळे पावसाळ्यात खनिजाने भरलेल्या बार्जना तो मार्ग सोडून कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीकडे वळावे लागे. अशा पाण्यात नकाशापेक्षा तिथे रोज वावरणारा माणूस अधिक कामाला येतो, आणि पायलट या शब्दाचे सारे सार त्यात आलेले आहे. विमाने आली तेव्हा हा शब्द त्यांच्या चालकाकडे गेला आणि जाणकारीचा अर्थ मागे पडून चालवण्याचा अर्थ वर आला. भारतीय रेल्वेने इंजिनचालकाला लोको पायलट म्हणायला सुरुवात केली तेव्हा तर वाट शोधण्याचा प्रश्नच उरला नव्हता, कारण रुळांवर वाट चुकण्याची सोय नसते.

गोव्यात साडेचारशे वर्षे पोर्तुगीज राज्य होते आणि पोर्तुगीजमध्येही ‘पिलोतु’ हा शब्द आहे, म्हणून मोटारसायकलचा पायलट हा त्या राज्याचा वारसा असावा, असे मत कधी कधी ऐकायला मिळते. ते मला पटत नाही आणि त्याचे कारण उच्चारात आहे. पोर्तुगीजमधून आलेले शब्द गोव्याने त्यांच्या मूळ नादासह ठेवले आहेत. खिडकी जनेल झाली, ट्रक कामियांव झाला, प्रवासी वाहतुकीची जुनी बस कारेर झाली, नदीतली यांत्रिक लाँच तर तिच्या इंधनावरून गाझोलीन झाली. पायलट त्या काळात रुजला असता, तर तो आज पिलोत म्हणून ऐकू आला असता. तो इंग्रजी वळणाने पायलट असाच बोलला जातो, यावरून १९६१च्या मुक्तीनंतर, इंग्रजी शाळा आणि भारतीय कचेऱ्यांच्या काळात तो इथे आला, हे मानायला पुरेसा आधार मिळतो. मोटारसायकल टॅक्सीला परवाने मिळून ती रीतसर व्यवसाय म्हणून उभी राहिली तीही त्यानंतरच, १९८०च्या दशकात. नाव इंग्रजी वळणाचे असले, तरी त्याला दिलेला अर्थ विमानापेक्षा बंदराला जवळचा आहे, हे मात्र मला अनुभवाने पटलेले आहे.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळू. पणजीत पायलटांचे मुख्य थांबे पाटो येथील कदंब बसस्थानकाबाहेर, चर्चसमोरच्या चौकात, बाजारापाशी आणि बेतीच्या फेरीधक्क्याजवळ आहेत. म्हापसा किंवा मडगावहून बसने आलेला माणूस पाटोला उतरतो आणि त्याचे काम बहुधा शहराच्या दुसऱ्या टोकाला, सांतिनेज, भाटले, आल्तिनो किंवा मिरामारच्या बाजूला असते. अंतर चालायला जास्त आणि टॅक्सी करायला कमी, अशा या प्रवासासाठी पायलटाइतके सोयीचे साधन पणजीत दुसरे नाही. थांब्यावर रांगेचा नियम पाळला जातो. पहिल्या क्रमांकावर असलेल्या पायलटाला ओलांडून तुम्ही आवडलेल्या गाडीकडे गेलात, तर त्या गाडीचा पायलटच तुम्हाला हाताने रांगेत पुढे दाखवतो. ‘खंय वचपाचें, पात्रांव?’, म्हणजे ‘कुठे जायचे, मालक?’, असा प्रश्न येतो. बाईमाणूस असेल तर ‘बाय’ म्हणून हाक येते. उत्तर मराठीत दिले तरी चालते, आणि पायलट बहुधा त्याच क्षणी मराठीवर येतो.

जाणकारीच्या कसोटीवर ही सेवा पहिल्या प्रतीची आहे, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही. पणजी हे लहान शहर आहे, पण त्याच्या पत्त्यांवर भरवसा ठेवू नये. घरांना क्रमांक आहेत; ते पोस्टमनखेरीज फार कोणाला ठाऊक नसतात. रस्त्यांना पोर्तुगीजकाळातले एक नाव आहे, मुक्तीनंतरचे दुसरे आहे आणि लोकांच्या तोंडी बहुधा तिसरेच असते. त्यात संस्थांनी जागा बदललेल्या आहेत. गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ, बांबोळीला गेले, तरी मांडवीकाठची त्याची जुनी इमारत जुने गोमेकॉ म्हणूनच ओळखली जाते आणि तिथे आता चित्रपट महोत्सवाची वर्दळ असते. विधानसभा आदिलशाही राजवाड्यातून पर्वरीला गेली, उच्च न्यायालयही पर्वरीला गेले, मध्यवर्ती ग्रंथालय पाटोला आले. बाहेरगावचा माणूस ‘गोमेकॉ’ किंवा ‘सचिवालय’ एवढेच म्हणतो. पायलट किल्ली फिरवण्याआधी जुने की नवे ते विचारतो आणि त्या एका प्रश्नाने माणसाचा अर्धा तास वाचतो. आजारी नातेवाइकाला भेटायला निघालेल्या एखाद्याला जुन्या इमारतीच्या दारात सोडून भाडे घेणे सोपे असते. तसे होताना मी पाहिलेले नाही.

पणजीच्या मळा या भागातले एक घर मला शोधायचे होते तेव्हाचा प्रवास इथे नोंदवण्यासारखा आहे. मोबाइलचा नकाशा आल्तिनोच्या टेकडीच्या वरच्या कडेला बाण दाखवीत होता, कारण वरचा रस्ता आणि खालची गल्ली नकाशावर एकमेकांना चिकटलेली दिसतात; प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये उभा कडा आणि पायऱ्या आहेत. पायलटाने फोनकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने घरमालकाचे आडनाव विचारले, मग ते कोणत्या खात्यातून निवृत्त झाले ते विचारले, मग ‘खुरसाच्या अलीकडचे की पलीकडचे’ असे विचारले. खुरीस म्हणजे वाटेवरचा क्रॉस. तिसऱ्या उत्तरानंतर त्याने मान हलवली, फूटरेस्ट स्वतःच्या टाचेने खाली पाडून दिला, माझी पिशवी आपल्या दोन गुडघ्यांच्या मधे टाकीला टेकवून घेतली आणि फोंताइन्हासच्या रंगीत घरांमधून, जिथे समोरून मोटार आली तर भिंतीला चिकटावे लागते अशा बोळातून, मला थेट दारात उतरवले. सांतिनेजच्या भागात मलनिस्सारणाच्या कामासाठी रस्ते उखडले गेले होते त्या काळात तर ही जाणकारी अक्षरशः रोज बदलत होती: सकाळी मोकळा असलेला रस्ता दुपारी बंद असे, आणि नकाशाला ते दुसऱ्या दिवशीही कळत नसे.

चालवण्याचे कौशल्य सरासरीपेक्षा वरचे आहे, पण सर्वांचे सारखे नाही. ज्येष्ठ पायलट सावकाश जातात, अठरा जून मार्गावरच्या गर्दीत आरसे पाहतात आणि प्रवासी नीट बसल्याची खात्री केल्याखेरीज क्लच सोडत नाहीत. तरुणांपैकी काहींना मिरामारचा सरळ रस्ता दिसला की वेग आवरत नाही; अशा वेळी ‘सवकास’ एवढा एक शब्द पुरतो, असा माझा अनुभव आहे. साडी नेसलेल्या, एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या स्त्रियांना घेऊन जाण्याची त्यांना सवय असते, आणि एकट्या येणाऱ्या वयस्क स्त्रियाही या सेवेवर विसंबून असतात, याला मी तिच्या वागणुकीचे सर्वांत विश्वसनीय प्रमाणपत्र समजतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र एक गंभीर उणीव आहे. मागे बसणाऱ्यासाठी हेल्मेट प्रत्येक पायलटाकडे नसते. ज्यांच्याकडे असते त्यांच्यापैकी काहींचे इतके जुने असते की आतला स्पंज सुटलेला आणि पट्टा तुटलेला असतो, तेव्हा ते डोक्यावर ठेवणे हा केवळ उपचार ठरतो. मी आता स्वतःचे हेल्मेट पिशवीत बाळगतो, परंतु भाडे देऊन घेतलेल्या सेवेत हे ओझे प्रवाशावर पडू नये. पावसाळ्यात पायलट सीट फडक्याने पुसून देतो आणि स्वतः रेनकोट चढवतो; प्रवाशासाठी मात्र काही नसते आणि जूनच्या सरींत पाटोहून मिरामारला जाणे म्हणजे भिजण्याची तयारी ठेवूनच निघणे. सामानाचीही मर्यादा आहे. एक पिशवी पुढे, एक मांडीवर, एवढे जमते. चाकांची मोठी बॅग घेऊन येणाऱ्याने टॅक्सी करावी, कारण काही पायलट भाडे जाऊ नये म्हणून तीही पुढे आडवी टाकून घेतात आणि मग हँडल पुरते वळत नाही.

भाड्याविषयी सर्वाधिक तक्रारी असतात आणि त्या अनाठायी नाहीत. मोटारसायकल टॅक्सीचे दर सरकार अधिसूचित करते. पण गाडीला मीटर नसतो, दरपत्रक थांब्यावर ठळक लावलेले दिसत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात भाडे ठरते ते बोलण्यावर. शहरातल्या शहरात जवळच्या ठिकाणासाठी माझ्याकडून साधारण पन्नास रुपयांच्या आसपास घेतले जातात. ही रक्कम मला जाचक वाटत नाही, कारण परतीचे भाडे मिळेलच याची पायलटाला खात्री नसते आणि उन्हात थांब्यावर घालवलेला वेळही त्याला त्यातूनच भरून काढावा लागतो. खटकते ती अनिश्चितता. एका पावसाळी संध्याकाळी बाजारापासून भाटलेपर्यंतच्या नेहमीच्या अंतरासाठी एका पायलटाने जवळजवळ दुप्पट रक्कम सांगितली आणि कारण विचारल्यावर आकाशाकडे बोट दाखवले. उत्तर विनोदी होते, पण व्यवहार तसा नव्हता. महोत्सवाच्या आणि कार्निव्हालच्या दिवसांत बाहेरगावच्या माणसाला सांगितलेली रक्कम आणि स्थानिक माणसाला सांगितलेली रक्कम यांतला फरक उघड दिसतो. बंदराच्या पायलटाचे शुल्क ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे असते. शहराच्या पायलटानेही प्रवाशाचा पेहराव पाहून ते बदलू नये. गाडीवर बसण्यापूर्वी रक्कम स्पष्ट विचारून घेणे हाच सध्या एकमेव उपाय आहे. सुटे पैसे जवळ ठेवावेत. मोबाइलवरून पैसे घेणारे आता पुष्कळ झाले असले, तरी वयस्क पायलटांना नोटच बरी वाटते.

शेजारच्या राज्याशी तुलना केली की या सेवेचे वेगळेपण लक्षात येते. मुंबई-पुण्यात दुचाकीवरून भाड्याने प्रवासी न्यावेत की नाहीत, यावर अॅपवाल्या कंपन्या, रिक्षा संघटना आणि परिवहन खाते यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला, तो न्यायालयापर्यंत गेला, आणि महाराष्ट्र शासनाने विजेवर चालणाऱ्या बाइक टॅक्सींचे धोरण स्वीकारायला २०२५ साल उजाडले. गोव्यात तोवर एक अख्खी पिढी हा व्यवसाय करून निवृत्त झाली होती. अॅपवर गाडी मागवली की भाडे आधी कळते, हा त्या पद्धतीचा मोठा लाभ आहे आणि पायलटांच्या संघटनांनी तो मनावर घ्यायला हवा. पण अॅपवरचा चालक पडद्यावरच्या निळ्या रेषेमागे जातो. तो या शहराचा असेल, नसेलही. इथला पायलट त्याच थांब्यावर वर्षानुवर्षे उभा राहतो, म्हणून बाजारातली दुकानदार मंडळी त्याच्या हाती औषधे, डबे, चाव्या आणि बँकेत भरायची स्लिपसुद्धा विश्वासाने देतात. ही सेवा कुठल्याही दरपत्रकात नाही, तरी कित्येक घरांचे रोजचे व्यवहार तिच्यावर चालतात.

वेळेच्या बाबतीत नवख्याने एवढे ध्यानात ठेवावे की पणजीचा पायलट दिवसाचा माणूस आहे. सकाळी कार्यालयांच्या वेळी आणि संध्याकाळी बस सुटण्याच्या सुमारास थांबे भरलेले असतात, दुपारी जेवणाच्या वेळी त्यांत मोठी खोट पडते, आणि रात्री नऊनंतर चर्चसमोरही एखादाच सापडतो. पणजीजवळच्या करमळी रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्यांनी तर रेल्वेगाडी उशिरा येणार असेल तर पायलटावर अजिबात विसंबू नये. दिवसा एखाद्या पायलटाशी ओळख झाली असेल तर त्याचा फोन क्रमांक घेऊन ठेवावा, रात्रीचे भाडे तेव्हाच ठरवावे आणि मुंबईकडून येत असाल तर रेल्वेगाडी आधीचे थिवीं स्थानक सोडताना त्याला फोन करावा.